आधी गंज, मग रंग!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. तपासणी समिती येणार म्हणून आपल्या हॉस्टेलच्या मागच्या लोखंडी जिन्याला रंग लागला. छान हिरवागार! सकाळी दोन माणसं दोन डबे घेऊन आली आणि दुपारच्या चहाला काम आटोपून गेलीसुद्धा. संध्याकाळी दोघा-तिघांच्या जीन्सवर हिरवे पट्टे उमटले आणि रात्री मेसमध्ये त्यावर यथेच्छ हसून झालं. मला मात्र हसू येईना. कारण नेमकं हेच काम, याच पद्धतीनं, मी स्वतः तीन वर्षांपूर्वी केलं होतं. जिन्याला नाही, एका शिडाच्या बोटीला. आणि त्याचं फळही पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, जिन्याचा आणि बोटीचा संबंध काय? तोच सांगण्यासाठी संपादकांकडून ही पानं मागून घेतली आहेत.

माझे मामा व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी, गावच्या घरी येऊन राहिले आणि त्यांनी एक जुनी, बावीस फुटी, फायबरची शिडाची बोट विकत घेतली. ‘फंडाचे पैसे पाण्यात घातले’ असं मामी म्हणते, आणि ते शब्दशः खरं आहे!

अशा बोटीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक जड भाग खाली उतरलेला असतो. ती कील. आपल्याकडे लाकडी होडीच्या तळाच्या मुख्य तुळईला पठाण म्हणतात, तो होडीचा कणा. मामांच्या बोटीत मात्र कील म्हणजे कणा कमी आणि वजन जास्त. वारा शिडाला ढकलतो तेव्हा बोट कलते, आणि खाली लोंबणारं हे वजन तिला पुन्हा सरळ करतं. शिवाय बोट वाऱ्याबरोबर आडवी घसरत जाऊ नये म्हणून कील पाण्यात भिंतीसारखी उभी राहते. महागड्या बोटींची कील शिशाची असते. शिशाची घनता ११.३, आणि त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. स्वस्तातल्या बोटींना बिडाची कील असते, घनता साधारण ७.२. मामांची बिडाची, अडीचशे किलोच्या आसपास.

पहिल्या वर्षाची परीक्षा संपवून मे महिन्यात मी मामांकडे गेलो. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरच्या होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात. मामांची बोटही उधाणाच्या भरतीला कोळी मंडळींनी चेनपुली लावून वर घेतली आणि लाकडी टेकूंवर उभी केली. कीलकडे पाहिलं तर नारिंगी-तपकिरी खपल्याच खपल्या. मामांना नेमकं त्याच आठवड्यात मुंबईला जायचं होतं. मी म्हटलं, “मामा, तुम्ही निर्धास्त जा. मेकॅनिकलचा आहे मी!”

ड्रिलला तारेचा ब्रश लावून अर्धा दिवस फिरवला. कील चॉकलेटी, गुळगुळीत आणि चकचकीत झाली. दुकानातून रेड ऑक्साईड आणला, दोन हात मारले, वरून काळा रंग. कीलला राखाडी धातूचा एक ठोकळा बसवलेला होता, तोसुद्धा रंगवून टाकला... एकसारखं दिसावं ना! फोटो काढून मामांना पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. मी खूश.

पुढच्या मे महिन्यात बोट पाण्याबाहेर आली तेव्हा कीलवर कुणीतरी पापड लाटून चिकटवल्यासारखं दिसत होतं. जागोजागी फुगे. एक फुगा स्क्रूड्रायव्हरनं फोडला तर आतून काळं पाणी ओघळलं आणि हवा लागल्यावर बघता बघता तपकिरी झालं. मामा काही बोलले नाहीत. इंजिनरूमची माणसं रागावली की बोलत नाहीत, हत्यार हातात देतात. त्यांनी माझ्या हातात चिपिंगची हातोडी दिली.

माझं चुकलं काय होतं?

पहिली चूक म्हणजे मी गंज काढलाच नव्हता, त्याला पॉलिश केलं होतं. तारेचा फिरता ब्रश वरचा भुगा उडवतो, पण घट्ट बसलेल्या थराला नुसती चकाकी आणतो. दुसरी चूक, मी कील गोड्या पाण्यानं धुतलीच नाही. बिडाच्या खड्ड्यांत समुद्राचं मीठ बसलेलं असतं. ते रंगाखाली राहिलं की रंगाच्या थरातून पाणी आत ओढून घेतं. हेच ते ऑस्मोसिस, ज्याची व्याख्या बारावीत आपण सगळ्यांनी पाठ केली होती! लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खाली गंज वाढला की वरचा रंग उचलला जातो. तिसरी चूक रेड ऑक्साईडची. खिडकीच्या ग्रिलला तो ठीक आहे, पण सतत खाऱ्या पाण्याखाली राहणाऱ्या लोखंडावर तो टिकत नाही.

आणि चौथी चूक सगळ्यांत विनोदी. तो राखाडी ठोकळा जस्ताचा होता. लोखंडाऐवजी आधी जस्त झिजावं म्हणून तो तिथे बसवतात. जस्ताचा पाण्याशी संबंध राहिला तरच हे काम होतं. मी त्याला रंगाचा रेनकोट घालून वर्षभर सुट्टीवर पाठवलं होतं. मामा म्हणाले, “वर्षानंतर झिंक कुरतडलेलं दिसलं तर आनंद मानायचा. नव्यासारखं दिसलं तर काळजी करायची.” ही युक्ती नवी नाही. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे लावून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं, प्रयोग यशस्वी! पण तांबं पाण्यात विरघळणं थांबल्यावर तळावर शेवाळ आणि कवचवाले जीव माजले, आणि जहाजं मंदावली. सिद्धांत बरोबर होता, तरी खरा निकाल जहाज वर्षभर पाण्यात राहून बाहेर आल्यावरच कळला.

मग आम्ही काम पहिल्यापासून सुरू केलं. प्रथम भरपूर गोड्या पाण्यानं धुणं. मग हातोडीनं इंच-इंच ठोकणं. चांगलं बीड टण्ण वाजतं, खपली आतून सुटलेली असेल तर आवाज बोदा येतो. मामांनी एक गोष्ट दाखवली ती कायम लक्षात राहिली. खाऱ्या पाण्यात बिडातलं लोखंड कधीकधी निघून जातं आणि मागे ग्राफाईटचा सांगाडा उरतो. आकार तोच, जाडी तीच, पण चाकूनं खरवडता येईल इतका मऊ. नजरेला काही कळत नाही, हातोडीला कळतं.

चार दिवस नुसतं ठोकणं आणि ग्राइंडिंग. जुन्या रंगाची धूळ विषारी, म्हणून मास्क, गॉगल आणि जमेल तिथे ओलं घासणं. पाचव्या दिवशी सकाळी दोघांनी दोन ग्राइंडर धरले, सगळी कील करड्या, स्वच्छ धातूवर आणली, सॉल्व्हंटनं पुसली आणि त्याच दुपारी इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात दिला. घाई अशासाठी, की कोकणातल्या दमट हवेत उघडं लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस होतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त हवं, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. मामांकडे भिंतीवर लटकवायचं साधं आर्द्रतामापक होतं. ते बघून ते “चला” किंवा “चहा” एवढंच म्हणायचे. त्यानंतर खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि इपॉक्सीचे आणखी चार हात दिले. शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांबंयुक्त रंग अगदी शेवटी. तो थेट लोखंडावर लावला तर तांबं आणि लोखंड यांची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते लोखंड.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं करण्यापूर्वी मामांनी बोटीच्या तळातला, कील धरून ठेवणारा एक बोल्ट काढायला लावला होता. एकूण सहा बोल्ट. आतून पाहिलं तर सगळ्या नटांची डोकी स्टेनलेसची, लखलखीत. मी म्हटलं, “हे कशाला काढायचे? चांगले तर आहेत.” मामा म्हणाले, “काढ.” दोन फुटी पाइप लावून जोर केला तेव्हा कुठे तो सुटला. बाहेर आलेल्या बोल्टची वरची बाजू नवीकोरी, खालचे आटे ठीक, आणि मधोमध, जिथे बोटीचा तळ आणि कील यांची सांध असते तिथे, त्याला चक्क कंबर आली होती! मग सहाही काढले. दोघांची हीच गत. व्हर्नियर लावला, वीस मिलिमीटरचा बोल्ट तेरावर आला होता. तेरा भागिले वीस, त्याचा वर्ग... म्हणजे क्षेत्रफळ उरलं ४२ टक्के. ताकद निम्म्याहून कमी, आणि वरून नट चकाचक!

असं का होतं? स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साईडच्या अतिशय पातळ थरामुळे. हा थर ओरखडला गेला तरी ऑक्सिजन मिळाला की पुन्हा तयार होतो. पण सांधेतलं सीलंट म्हातारं झालं की तिथे खारं पाणी शिरून साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि थर भरून येत नाही. म्हणजे स्टेनलेसचा घात होतो तो नेमका दिसत नाही अशा जागी. त्यात बोट कलली की एका बाजूच्या बोल्टांवर ताण येतो, दुसरीकडे कलली की दुसऱ्या बाजूच्या, आणि असं प्रत्येक लाटेला. फटीग म्हणजे काय हे मला डिझाईनच्या पुस्तकापेक्षा त्या कंबरेनं जास्त चांगलं शिकवलं. लाकडाच्या ठोकळ्यांवर कील टेकवून चेनपुलीनं बोट अलगद वर उचलली, सांध साफ केली, नवं पॉलियुरेथेन सीलंट भरलं आणि सहा नवे बोल्ट टॉर्क रेंचनं समोरासमोरच्या क्रमानं टप्प्याटप्प्यानं आवळले.

आदल्या वर्षी मी काळा रंग लावून फोटो काढला तेव्हाही त्या बोल्टांची कंबर जातच होती. आणि त्या हंगामात मामा बोट घेऊन बाहेर जात होते. मामी आणि माझी धाकटी मामेबहीण सोबत असायच्या. हा विचार आजही मनातून जात नाही.

कील निखळणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. १९८५ च्या फास्टनेट शर्यतीत ‘ड्रम’ नावाच्या मोठ्या बोटीची कील तुटून पडली आणि बोट उलटली. सुदैवानं सगळे वाचले. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ नावाच्या चाळीस फुटी बोटीची कील अटलांटिक महासागरात निखळली आणि चार ब्रिटिश खलाशी परत आले नाहीत. ‘ड्रम’मध्ये दोष गंजाचा नव्हता, हेही सांगायला हवं. तिथे वेल्डिंग गेलं. ‘चीकी रफिकी’बद्दल ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं २०१५ च्या अहवालात म्हटलं, की पूर्वी तळ जमिनीला आपटल्यानं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळची बांधणी कमकुवत झाली असावी, आणि असा बिघाड वरवरच्या तपासणीत सापडणं अवघड असतं. कारणं वेगळी, पण दोष दोन्हीकडे झाकलेल्या जागी होता.

आता या आपल्या कॉलेजात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण सगळे, म्हणजे विद्यार्थीही आणि संस्थाही, रंगाला दुरुस्ती समजायला लागलो आहोत. रंग हा दुरुस्तीचा शेवटचा टप्पा आहे. तो पहिला आणि एकमेव झाला की त्याचं एकच काम उरतं, गंज लपवणं. गंज उघडा असता तर निदान दिसला तरी असता!

यात कुणा एका व्यक्तीचा दोष काढायचा नाही. रंगाऱ्याला पैसे मिळतात ते रंगवलेल्या चौरस फुटांचे. खरवडणं, धुणं, घासणं त्याच दरात धरलेलं असतं, मग ते कमीत कमी होणारच. समितीला दोन दिवसांत सगळं बघायचं असतं, तिला रंग दिसतो. आणि आपण तरी वेगळं काय करतो? व्हायवाच्या आदल्या रात्री जर्नल ‘पूर्ण’ करतो, म्हणजे कव्हर घालतो, इंडेक्स लिहितो, रीडिंग्ज मित्राच्या उतरवतो. वरून नट चकाचक... मध्ये कंबर!

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक आपल्यातलेच काही घेतात, “इंजिनिअर होऊन गंज खरवडायचा? ते हेल्परचं काम.” या मित्रांना मी विचारतो, पुढे तुम्ही डिझाईनला बसलात आणि पाणी साचेल अशा फटीत बोल्ट दाखवलात, तर तो पंधरा वर्षांनी काढणाऱ्याचं काय होईल हे तुम्हाला कसं कळणार? कंबर गेलेला एक बोल्ट हातात घेतल्यावर मी आता कुठलंही ड्रॉइंग बघताना आधी हे बघतो, की इथे पाना जाईल का, आणि पाणी निघून जाईल का.

दुसरा आक्षेप कार्यालयाचा, “बजेट नाही.” हा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण वारंवार रंग लावायला बजेट मिळतंच ना? गंजाच्या अभ्यासात मुरलेल्या एनएसीई या संस्थेनं २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०१३ मध्ये गंजामुळे जगाचा सुमारे अडीच लाख कोटी डॉलर खर्च झाला, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के, असा अंदाज आहे. आणि यातला १५ ते ३५ टक्के खर्च आज माहीत असलेल्या उपायांनीच वाचवता येईल, असंही त्यात म्हटलं आहे. नवं तंत्रज्ञान शोधायची वाट बघायला नको, आहे तेवढंच नीट वापरायचं.

नुसती टीका करून थांबणं बरोबर नाही, म्हणून तीन सूचना करतो.

पहिली, वर्कशॉपसाठी. पहिल्या वर्षी आपण सगळे फिटिंगचा जॉब करतो. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा, मार्क मिळाले की तो भंगारात. हात घासायला शिकतो हे मान्य. पण दोनातला एक जॉब खऱ्या दुरुस्तीचा का असू नये? हॉस्टेलच्या खाटा, मेसची टेबलं, सायकल स्टँड... गंज कमी आहे का आपल्याकडे? जर्नलमध्ये आकृतीऐवजी ‘काय सापडलं’ हे लिहायचं. तेच व्हायवात विचारायचं. हे कुणाचं उतरवता येणार नाही!

दुसरी, हॉस्टेलसाठी. प्रत्येक जिना, टाकीची शिडी, गच्चीचा कठडा यांची एक साधी वही ठेवावी. त्यात रंग कधी लावला याऐवजी, हातोडी मारून कधी पाहिलं आणि काय आढळलं, हे लिहावं. बघताना एक कर्मचारी आणि एक विद्यार्थी, दोघांच्या सह्या.

तिसरी, रंगकामाच्या कंत्राटासाठी. प्रायमर लावण्यापूर्वी खरवडलेलं लोखंड कुणीतरी येऊन बघितल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही. जहाजांच्या रंगकामात अशी तपासणी हा नेहमीचा शिरस्ता आहे. आपल्या जिन्याला तो लावायला किती वेळ लागेल? फार तर चहाएवढा.

गेल्या मे महिन्यात मामांची बोट वर घेतली तेव्हा मी धावत जाऊन कील पाहिली. फुगे नव्हते. मागच्या कडेला रुपयाएवढे गंजाचे दोन डाग होते. मला वाईट वाटलं, मामा मात्र खूश होते. म्हणाले, “दोनच? चल, एक तासाचं काम.” धुतलं, घासलं, पुसलं, इपॉक्सी लावली. झिंक अर्धं कुरतडलेलं होतं, नवं बसवलं. सांधेत चीर नव्हती. बिडाची कील म्हटली की गंज दरवर्षी थोडा येणारच. तो दरवर्षी थोडा काढला की एक तास लागतो, झाकून ठेवला की चार-पाच दिवस, आणि तसाच राहू दिला तर... ते आपण वर वाचलंच.

जाता जाता एक. परवा रात्री अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून मी मागच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पान्यानं ठोकून पाहिल्या. बाकीच्या टण्ण वाजतात. खालून सातवी, भिंतीकडच्या बाजूला, थप्प वाजते. वरून हिरवीगार आहे. रेक्टर सरांना तसं लेखी दिलं आहे, आणि त्यांनी स्वतः येऊन, ठोकून, ऐकून घेतलं, हेही कृतज्ञतेनं नमूद करतो. दुरुस्ती होईपर्यंत त्या पायरीवर पाय भिंतीकडे टाकू नका. आणि आग लागली तर उतरायला आपल्याकडे तोच एक मागचा जिना आहे, हेही लक्षात असू द्या.

— अंतिम वर्ष, यांत्रिकी